दुसरी रिंग

माझ्या मामाने आजवर माझ्याकडे एकच वस्तू मागितली. ती मागायला तो भर दुपारी माझ्या कारखान्याच्या फाटकाशी येऊन उभा राहिला. मी तेव्हा नुकताच इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा संपवून एका इन्व्हर्टरच्या कारखान्यात तपासणीच्या कामाला लागले होते. वॉचमनने आत येऊन निरोप दिला, "तुमचे मामा आलेत. काय काम आहे विचारलं तर म्हणतात, बरा आहे."

मी धावतच बाहेर गेले. मामाने खिशातून वर्तमानपत्राचा नीट कापलेला तुकडा काढला आणि माझ्यापुढे धरला. फोन करणाऱ्याचा नंबर दाखवणाऱ्या डबीची ती जाहिरात होती.

"हे खरंच दाखवतं का गं, इंजिनेर?"

"दाखवतं. कॉलर आयडी म्हणतात त्याला."

"उचलायच्या आधी?"

"उचलायच्या आधी."

"मग एक आण. आणि कशाला आणलीस ते मामीला सांगू नकोस."

"कशाला आणायचीय ते मला तरी कुठे माहितीय!"

पण हे वाक्य मी पाठमोऱ्या मामाला म्हणाले, आणि पाठमोऱ्या मामाला काही म्हणण्यात अर्थ नसायचा.

मामा शिलाई मशीन दुरुस्त करायचा. एकोणतीस वर्षं त्याने कपड्यांच्या एका कारखान्यात काढली. पत्र्याची लांबलचक शेड, तीत दोनशे मशीन एकदम चालायची, आणि मामा हातात पाना आणि तेलाची कुपी घेऊन रांगांमधून फिरायचा. निवृत्त झाल्यावर त्याने घराच्या पुढच्या खोलीत स्वतःचं दुकान मांडलं. एक जाड लाकडी टेबल, त्यावर खाली ओढता येणारा दिवा, भिंतीला पत्र्याचे छोटे खण आणि जमिनीवर लोकांची आजारी मशीन. कान मात्र त्या शेडमध्येच राहिले. "तिथेच विसरलो," असं तो सांगायचा, जणू छत्रीच विसरून आला होता.

त्याला अगदीच ऐकू येत नव्हतं असं नाही. जाड आवाज यायचे, बारीक जायचे. पुरुषांचं बोलणं बरंचसं कळायचं, बायकांचं निम्मंच, आणि फोनमधून येणारं तर एखाद्या अगदी जाड आवाजाशिवाय कुणाचंच धड नाही. माणूस समोर असला की तो ओठांकडे बघून उरलेलं भरून काढायचा. तेही इतक्या सफाईने, की गल्लीतल्या लोकांना वाटायचं, हा माणूस किती मन लावून ऐकतो. मशीनसाठी तर त्याला कान लागतच नसत. तळहात मशीनच्या मानेवर ठेवायचा, डोळे मिटायचे आणि चाक हळूहळू फिरवायचं. कुठे काय घासतंय ते त्याच्या हाताला कळायचं.

फोन हे मामीचं खातं होतं. ती फोन घ्यायची, चिठ्ठीवर लिहायची आणि चिठ्ठी मामाच्या टेबलावर पान्याखाली ठेवायची. मामाला कमी ऐकू येतं हे तिला ठाऊक होतं. किती कमी, हे तिलाही ठाऊक नव्हतं, कारण घरात ती कायम त्याच्या समोरच असायची.

आणि आता मामी निघाली होती. त्यांची मुलगी, म्हणजे माझी ताई, दिवस भरायच्या दीड महिना आधीच बाळंत झाली होती. बाळ एक किलो सातशे ग्रॅमचं. त्याला घेऊन प्रवास करायचा प्रश्नच नव्हता, म्हणून आईनेच लेकीकडे जायचं ठरलं. ताईच्या नवऱ्याची नोकरी फिरतीची. बाळ तीन किलोचं होईपर्यंत घरात दोन बायका हव्यातच, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

मामीने बॅग भरता भरता अट घातली. मी तेव्हा तिच्या बॅगेच्या चेनवर बसले होते, कारण त्याशिवाय ती लागत नव्हती.

"रोज दोनदा फोन करीन. सकाळी नऊ, संध्याकाळी सात. एकदा जरी उचलला नाहीत, किंवा मी एक विचारलं आणि तुम्ही भलतंच सांगितलंत, तर त्याच दिवशीच्या गाडीने परत येईन."

"उचलीन गं."

"गॅस चालू ठेवून मशीन उघडून बसता. परवा भांडं काळं झालं."

"ते आधीच काळं होतं."

मामी माझ्याकडे वळली. "बघितलंस? हे बरोब्बर ऐकू आलं."

मामा हसला, पण मला आता उमगलं. ताईला आई हवी होती, आणि आई तिथे टिकायची तर मामाने रोज दोनदा फोनवर धडधाकट माणसासारखं बोलणं भाग होतं. डबी त्यासाठी होती.

नुसती डबी आणून भागत नाही. टेलिफोन कचेरीत अर्ज द्यावा लागतो. त्यांनी त्यांच्या बाजूने सोय सुरू केली नाही तर डबी मुकीच राहते. मी अर्ज आधीच देऊन ठेवला होता. मामी गेली त्याच दुपारी मी साबणाच्या पेटीएवढी ती करडी डबी घेऊन आले. भिंतीतून येणारी वायर डबीत, डबीतून निघणारी फोनमध्ये, मागे तीन सेल. मी कागद वाचेपर्यंत मामाने मागचे स्क्रू काढलेसुद्धा.

"आत काही हलत नाही?"

"नाही. हलणारं काही नसतंच त्यात."

"मग बिघडलं की कळणार कसं?"

मी समोरच्या औषधाच्या दुकानात जाऊन फोन लावला. खिडकीतून मामा दिसत होता. फोन त्याने कामाच्या टेबलावरच ठेवला होता. जुना, जड, मोठ्या घंटेचा फोन. वाजला की टेबल थरथरायचं आणि ते मामाच्या हातांना कळायचं. त्याने झटकन उचलला. मी परत आले. डबीचा पडदा कोरा.

पुन्हा गेले, पुन्हा कोरा. वायर बदलल्या, सेल बदलले, टेलिफोन कचेरीला मनातल्या मनात शिव्या दिल्या. औषधवाला म्हणाला, "ताई, खोकल्याचं औषध तरी घ्या, इतक्यांदा येताय." चौथ्यांदा माझ्या लक्षात आलं. मामा पहिली रिंग पुरती वाजूच देत नव्हता. शेडमध्ये नियमच होता, फोन वाजला की झडप घालायची, कारण एखादी रांग बंद पडलेली असायची. आणि नंबर तर पहिल्या आणि दुसऱ्या रिंगच्या मधल्या शांततेत येतो. ती शांतता आलीच नाही तर नंबर येणार कुठून?

मी त्याला समोर बसवून हे समजावलं. त्याने जरा विचार केला.

"म्हणजे पहिली रिंग ओळख करून देणाऱ्याची. फोन करणाऱ्याची दुसरी."

मला माझ्या डिप्लोम्याच्या तीन वर्षांत इतकं सोपं करून कुणी सांगितलं नव्हतं.

पण एकोणतीस वर्षांची सवय एका दुपारी सुटत नाही. चार दिवस मी कामावरून परतताना औषधाच्या दुकानातून त्याला फोन लावत होते. टेबल थरथरलं की त्याचा हात उडायचा आणि रिसीव्हरच्या बोटभर वर हवेत थांबायचा. चेहरा तर असा, की आत दूध उतू जातंय आणि याला जागचं हलायची परवानगी नाही. दुसरी रिंग झाली की नंबर वाचायचा, मगच उचलायचा.

"पण मामा," मी त्याला विचारलं, "नंबर दिसला म्हणून ऐकू थोडंच येणार?"

"दोनशे मशीन होती," तो म्हणाला. "प्रत्येकीचं दुखणं ठरलेलं. कुणी धागा तोडायची, कुणी सुई, कुणी नुसतीच कुरकुरायची. नंबर कळला की हात लावायच्या आधी निम्मं काम झालेलं. माणसंही फोनवर तेच तेच बोलतात. बघ तू."

त्यापेक्षा कानातलं चांगलं यंत्र घे, हे मी सांगून पाहिलं. कारखान्याने दिलेलं एक त्याच्या खणात पडलं होतं. मोटर सुरू केली की कानात मधमाशांचं मोहोळ उठतं, अशी त्याची तक्रार होती. आता नवी चांगली निघालीत म्हटलं तर म्हणाला, "तपासायला जा, मापं द्या, दहा चकरा मारा. नऊच्या फोनला मी घरी नसलो तर? बाळ तीन किलोचं होऊ दे, मग तू म्हणशील तिथे येतो."

मग त्याने धाग्यांच्या खोक्याचा पुठ्ठा कापला आणि त्यावर तक्ता केला. नंबराचे शेवटचे तीन आकडे, माणूस आणि उत्तर. चारशे सतरा म्हणजे शिंपीणबाई. ती फक्त "झालं का?" एवढंच विचारते, उत्तर: उद्या दुपारी. नऊशे बासष्ट गणवेशवाला, उत्तर: दहाला येतो. गादीवाल्यापुढे त्याने काहीच लिहिलं नव्हतं.

"याला काय सांगायचं?"

"त्याला उत्तर नको असतं. तो बोलून मोकळा होतो. मी हं म्हणायचं."

सगळ्यात वर, लाल पेन्सिलीच्या चौकटीत, दोनशे अठ्ठ्याऐंशी. ताईच्या घरचा नंबर. त्यापुढे पाच ओळी: जेवलो. गोळी घेतली. गॅस बंद केला. दार नीट लावतो. बाळ कसं आहे? पाचव्या ओळीचं उत्तर त्याला कळणार नव्हतं. म्हणून दर रविवारी मी ताईला फोन करून वजन विचारायचं आणि त्याने ते खडूने फळीवर लिहायचं, असं ठरलं. ताई वजन सांगायची, "सगळं छान" म्हणायची आणि फोन ठेवायची.

आणि खरं सांगते, जमलं! गिऱ्हाइकांमध्ये तर मामाचा दबदबा वाढला. एकदा मी तिथे असताना शिंपीणबाई कात्री हातात घेऊनच आल्या. "काय हो, मी हॅलो म्हणायच्या आत तुम्ही बोला शिंपीणबाई म्हणता! माझ्या नवऱ्याला तीस वर्षांत जमलं नाही हे." डबी टेबलावर समोरच होती, पण त्यांनी ती सेलवरचं घड्याळ समजली आणि मामाने समजू दिली. दोन दिवसांनी त्यांच्या नवऱ्यानेच फोन केला आणि त्यालाही "बोला शिंपीणबाई" ऐकून घ्यावं लागलं. त्याचा आवाज जाड, त्यामुळे त्याचं उत्तर मामाला नीट कळलं. "मी तिचा नवरा. इतका गोड आवाज आहे का माझा?"

मी तेव्हा मामाला म्हटलं होतं, "डबी घराचा नंबर दाखवते, माणसाचा नाही."

"माहितीय. पण दोनशे अठ्ठ्याऐंशीवरून एकटी तुझी मामीच फोन करते."

संध्याकाळच्या फोनच्या वेळी मी दोन-तीनदा तिथे होते. पावणेसातला मामा हाताचं तेल पुसायचा, दिवा खाली ओढायचा आणि तक्ता समोर उभा करायचा. टेबल थरथरायचं, हात हवेत थांबायचा आणि करड्या पडद्यावर आकडे यायचे. त्या आकड्यांकडे तो ज्या नजरेने बघायचा, तसं कुणी आकड्यांकडे बघत नाही. मग उचलायचा. "जेवलो." थांबायचं. "घेतली गोळी." थांबायचं. किती थांबायचं हे त्याने मोजून बसवलं होतं. कधीकधी मामी पाच प्रश्न संपल्यावरही बोलत राहायची. लांब, संथ, मध्येच थांबत. मामा तक्त्यावर वरून खाली, खालून वर नजर फिरवत हं हं म्हणायचा आणि शेवटी अंदाजाने एखादी ओळ पुन्हा सांगायचा. फोन ठेवल्यावर मी विचारायचे, "काय म्हणाली?" तो म्हणायचा, "बरी आहे." आणि रिसीव्हरवर हात तसाच ठेवून जरा वेळ बसायचा.

असे सात आठवडे गेले. फळीवर दोन किलो आठशे लिहिलं होतं.

त्या गुरुवारी मला सुट्टी होती. डबीचे सेल संपत आले होते, ते घेऊन मी दुपारी तीनला गेले. मामा एका मशीनच्या पोटात हात घालून बसला होता. एवढ्यात टेबल थरथरलं. हात वर, दुसरी रिंग, आणि पडद्यावर दोनशे अठ्ठ्याऐंशी.

मामाने घड्याळाकडे बघितलं, मग माझ्याकडे. ही वेळ नव्हती. तेलकट हातानेच त्याने फोन उचलला.

"जेवलो," तो म्हणाला. थांबला. "गोळी घेतली."

मी सेलचं पाकीट उघडत होते. तो पुढची ओळ बोलला नाही, म्हणून वर बघितलं. त्याने डोळे मिटले होते आणि रिसीव्हर कानाशी घट्ट दाबून धरला होता. मशीनच्या मानेवर हात ठेवून बसायचा तसाच बसला होता.

"ही मामी नाही," तो मला म्हणाला. "हिला थांबायचंच नाहीये."

"नुसतं हं म्हण," मी ओठांनी सांगितलं. "मामी असेल, घाईत असेल."

हं म्हणून फोन ठेवता आला असता. सात आठवडे त्याने तेच केलं होतं, आणि फक्त दोनशे ग्रॅम राहिले होते. मामाने तक्ता हाताने आडवा केला.

"पोरी," तो फोनमध्ये म्हणाला, "तू आहेस ना? ऐक. मला फोनवर ऐकू येत नाही. काहीच नाही. तू काय म्हणालीस ते मला एक अक्षर कळलेलं नाही. पण तू रडतेयस, तेवढं कळलं."

मग त्याने रिसीव्हर माझ्यापुढे केला. "तू ऐक. आणि माझ्याकडे तोंड करून बोल."

पलीकडे ताईच होती. ती म्हणाली, "कधीपासून चाललंय हे? आई निघाली तेव्हापासून?" मी हो म्हटलं. "बरं. मग त्याला सांग. जसंच्या तसं सांग, मध्ये काही गाळू नकोस."

ती एक वाक्य बोलायची, मी ते मामाकडे बघून पुन्हा बोलायचे आणि रिसीव्हर त्याच्या तोंडाशी धरायचे. आई बाळाला वजनासाठी दवाखान्यात घेऊन गेलीय. मी मुद्दाम गेले नाही. मला बाळाला उचलायची भीती वाटते. आई अंघोळ घालते, आई झोपवते, मी नुसती दुधापुरती. आई परत गेली की माझ्या हातून काहीतरी होईल. हे आईला सांगितलं तर ती तुझ्याकडे यायचीच नाही, म्हणून तुला सांगत होते, बाबा. तू काही न बोलता ऐकून घेतोस म्हणून.

मामाने शेवटचं वाक्य माझ्या ओठांवर वाचलं आणि मान खाली घातली.

"तू झालीस तेव्हा," तो फोनमध्ये म्हणाला, "सव्वा महिना मी तुला उचललं नव्हतं. हाताला पान्याची सवय. वाटायचं, दाबून टाकीन. लोकांना सांगायचो, हाताला तेल आहे."

"मग?" ताईने विचारलं. मी विचारलं.

"मग काय. तुझी आई वैतागली. एक दिवस तुला माझ्या मांडीवर ठेवलं आणि सरळ बाजारात निघून गेली. तू झोपलीस. मी अडीच तास हललो नाही. ती आली तेव्हा दोन्ही पाय बधिर, मला उभं राहता येईना. दोन शेजाऱ्यांनी धरून उठवलं."

पलीकडे ताई हसली. हे मी मामाला सांगायची गरज पडली नाही, माझ्या तोंडावरूनच त्याला कळलं.

"पण बाबा, मग आईला मी उद्याच परत पाठवते," ती एकदम म्हणाली. "तू तिथे एकटा, काही ऐकू येत नाही, गॅस चालू राहिला, कुणी दार वाजवलं तर—"

"गप्प बस," मामा म्हणाला. "तू तुझं आईला आज सांग. ती दवाखान्यातून आली की लगेच. माझं मी सांगतो. मग ती काय ठरवायचं ते ठरवेल. आपण दोघं तिच्यापासून लपवून तिचं वेळापत्रक ठरवतोय, हे बरं नाही."

फोन ठेवल्यावर त्याला पुन्हा त्या मशीनमध्ये हात घालवेना. स्क्रू हातात घेऊन फिरवत बसला. "आता येईल ती," एवढंच म्हणाला. "येईल आणि पोरगी तिकडे एकटी पडेल. मी दोन महिने गप्प बसलो, अजून दोन आठवडे बसलो असतो तर काय बिघडलं असतं?"

"ताईचं बिघडलं असतं," मी म्हटलं.

त्याने हातातला स्क्रू परत खणात टाकला.

फोन सातला यायचा, पण आला वीस मिनिटं आधी. मी रिसीव्हर दोघांच्या मध्ये धरला. मामीने नेहमीप्रमाणे विचारलं, "अहो, जेवलात का?"

"थांब. आधी मी बोलतो," मामा म्हणाला, आणि त्याने सगळं सांगितलं. डबी, तक्ता, पाच ओळी, सगळं. एखादं मशीन खोलून पुर्जे ओळीने कापडावर मांडावेत तसं.

मग मामी माझ्यामार्फत बोलू लागली, आणि मला ते काम नकोसं झालं.

"म्हणजे सात आठवडे मी भिंतीशी बोलत होते."

"हो," मामा म्हणाला.

"मागच्या सोमवारी मी म्हटलं, मला इथे करमत नाही, संध्याकाळ झाली की दाराकडे लक्ष जातं. तर तुम्ही म्हणालात, गॅस बंद केला."

मी हे हळू आवाजात म्हटलं. पण मामाला आवाजाचं काय, तो ओठच बघत होता. त्याचे कान लाल झाले.

"मला वाटलं, तू गॅसचं विचारतेयस."

"दोन दिवस बोलले नाही मी नीट. तेही कळलं नाही?"

"नाही."

मग त्याने तक्त्यात नसलेला प्रश्न विचारला. "तू येतेस का?"

मी रिसीव्हर कानाला लावून उत्तराची वाट बघत राहिले. मामा माझ्या तोंडाकडे बघत होता. मामी जे बोलली ते मी एका दमात सांगितलं:

"येत नाही. पोरीने सगळं सांगितलंय मला. तिच्या मांडीवर बाळ ठेवून मी आत्ता बाजारात जाऊन आले, तासभर. दोघंही धड आहेत. पण अजून महिनाभर मी इथून हलत नाही. तीन किलो होवो नाही तर चार. आणि उद्या सकाळी नऊला तुम्ही माझ्या फोनची वाट बघायची नाही, कानाच्या डॉक्टरांकडे जायचं. भाची घेऊन जाईल. गॅस मी शिंपीणबाईंना बघायला सांगते, त्यांना तसंही सगळ्यांच्या घरातलं बघायची हौस आहे."

मामाचे खांदे खाली आले. इतके दिवस ते वर होते, हे मला तेव्हा कळलं.

"अगं," तो फोनमध्ये म्हणाला, "मग ते सगळं पुन्हा सांग ना. सात आठवड्यांचं."

"आता काय सांगू! शिळं झालं ते."

"चालेल."

मी मध्ये पडले. "मामी, तू ओरडू नकोस. आवाज चढवलास की त्याला अजिबातच कळत नाही. उलट खाली आण. जाड आवाजात, एकेक शब्द सुटा करून बोल."

"म्हणजे? पुरुषासारखं बोलू?"

"हो. गादीवाल्यासारखं."

पलीकडे घसा खाकरल्याचा आवाज आला. मी रिसीव्हर मामाच्या कानाला लावून दिला. तो पुढे वाकला, एक हात कपाळाला लावून बसला.

"गाडी," तो म्हणाला. "हं. गाडी तासभर... उशिरा पोचली. बरोबर? बरं." ती एक वाक्य बोलायची, तो ते परत म्हणून दाखवायचा, चुकलं तर ती पुन्हा सांगायची. "स्टेशनवर... कोण? हां, जावई. जावई आले होते. बरं. बाळ... बाळ काचेत होतं. हं. तू काचेवर... हात ठेवलास."

तो थांबला. मी सेलचं रिकामं पाकीट उचललं आणि चहा टाकायला आत गेले. पाणी उकळेपर्यंत मला पुढच्या खोलीतून एकट्या मामाचाच आवाज येत होता, मामीचं सांगणं अजून पहिल्या आठवड्यातच होतं.

"मग? पुढे?"